दुर्बलतेची कबुली आणि दुर्बलतेचा उपदेश: ख्रिस्ती चिंतनातील ईश्वरावलंबनाचा आढावा

मानवी दुर्बलतेविषयीच्या ख्रिस्ती विचाराचा मागोवा घेऊ लागले की प्रथम एका शब्दाशी गाठ पडते. नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेत या अर्थाने बहुधा ‘अस्थेनेइया’ हा शब्द येतो आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘बळ नसणे’ एवढाच आहे. परंतु तापातून उठलेल्या माणसाचे गळून जाणे, ज्याच्या बोलण्याला चारचौघांत वजन नाही अशा गरिबाची स्थिती, सभेपुढे उभे राहिल्यावर होणारा थरकाप आणि कळते पण वळत नाही अशी मनाची गत, या सर्वांसाठी हा एकच शब्द वापरला गेला आहे. मराठी बायबलने त्यासाठी ‘अशक्तपणा’ हा शब्द रूढ केला. तो आज एखाद्या वाचकाला दवाखान्यातला वाटेल, पण ग्रीक शब्दाचाही एक प्रमुख अर्थ आजारपण असल्यामुळे भाषांतरकारांची ही निवड वाटते तितकी ओबडधोबड नाही.

एका शब्दाच्या पोटात इतके अर्थ राहिल्याने पुढील दोन हजार वर्षांच्या वादांची बीजे तेथेच पडली. माणूस मर्त्य आणि परिमित आहे ही एक दुर्बलता, तो पापाकडे ओढला जातो ही दुसरी आणि कोणीतरी त्याला दाबून ठेवले आहे ही तिसरी. पहिली निर्मितीतच असल्याने स्वीकारावी लागते, दुसरीसाठी क्षमा मागावी लागते आणि तिसरीविरुद्ध उभे राहावे लागते. या तिन्हींतील सीमारेषा पुसल्या गेल्या की अन्याय सोसणाऱ्यालाच क्षमा मागायला लावणारा उपदेश तयार होतो. म्हणूनच या चिंतनाचा इतिहास तपासताना सिद्धांताइतकेच त्याच्या व्याकरणाकडेही पाहणे आवश्यक ठरते, म्हणजे ‘मी दुर्बल आहे’ असे कोणी स्वतःविषयी म्हणत आहे, की ‘तू दुर्बल आहेस’ असे कोणी दुसऱ्याला सांगत आहे, हे पाहणे.

या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा मूळ उतारा प्रेषित पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरच्या अध्यायांत आहे. हे पत्र साधारणपणे इ. स. 55 ते 56 च्या सुमाराचे मानले जाते. करिंथ हे नगर रोमनांनी इ. स. पू. 146 मध्ये उद्ध्वस्त केले होते आणि इ. स. पू. 44 मध्ये जूलियस सीझरच्या आज्ञेने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवले गेले. जुन्या खानदानांपेक्षा नव्याने वर आलेल्या लोकांचा तेथे भरणा असल्याने वक्तृत्व, देहयष्टी, आश्रयदाते आणि शिलालेखांवर कोरलेली स्वतःची कीर्ती यांना तेथे फार मोल होते. अशा नगरातील मंडळीत काही नवे उपदेशक आले आणि पौलाची पत्रे वजनदार असली तरी माणूस समोर आला की फिका पडतो, अशी टीका सुरू झाली. पौलाने या आरोपाचे खंडन केलेच नाही, उलट तो मान्य करून त्याचाच युक्तिवाद केला. प्रतिस्पर्धी आपल्या पराक्रमांची यादी देतात म्हणून त्यानेही यादी दिली, पण ती फटके, दगडफेक, फुटलेली जहाजे, भूक आणि निद्रानाश यांची. या यादीच्या शेवटी दिमिष्काच्या तटावरून पाटीत बसून रात्री खाली उतरवले गेल्याची हकिकत येते. शत्रूच्या तटावर प्रथम चढणाऱ्या सैनिकाला रोमन सैन्यात खास मुकुट दिला जाई. हे लक्षात घेतले तर तटावरून पाटीत बसून पळालेल्या माणसाने त्याच गोष्टीची फुशारकी मारण्यातला तिरकस विनोद उघड होतो, आणि अनेक भाष्यकारांनी तो दाखवूनही दिला आहे.

त्यानंतर ‘शरीरातील काट्या’चा उल्लेख येतो. हा काटा डोळ्यांचा विकार होता, फेफरे होते, हिवताप होता की एखादा विरोधक, यावर शतकानुशतके तर्क लढवले गेले आहेत, पण ते बहुतांशी निष्फळ आहेत, कारण लेखकाने ते मुद्दाम मोघम ठेवले आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की काटा काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली आणि काटा निघाला नाही. आपली कृपा पुरेशी आहे आणि दुर्बलतेतच सामर्थ्य पूर्ण होते, अशा आशयाचे उत्तर मात्र त्याला मिळाले. ‘कृपा’ म्हणजे येथे पात्रता न पाहता मिळणारे, मोबदल्यात न बसणारे ईश्वराचे देणे. या उताऱ्यात दुर्बलता हा सद्गुण म्हटलेला नाही आणि दुःख चांगले असते असेही कोठे म्हटलेले नाही, कारण काटा जावा हीच पौलाची इच्छा होती आणि ती गैर ठरवली गेलेली नाही. शिवाय संपूर्ण युक्तिवाद प्रथमपुरुषी आहे. पौल स्वतःच्या अशक्तपणाचा अभिमान मिरवतो, करिंथच्या गरिबांना त्यांच्या अशक्तपणात सुख मानायला सांगत नाही. उलट त्याच पत्राच्या आठव्या आणि नवव्या अध्यायांत तो यरुशलेमेतील गरिबांसाठी पैसे गोळा करण्याचा आग्रह धरतो.

पौलाच्या या विचाराला आधार आहे तो खुद्द ख्रिस्ताच्या दुर्बलतेचा. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त करून दासाचे रूप धारण केल्याचे वर्णन आहे आणि धर्मशास्त्रात या स्वतःला रिक्त करण्याला ‘केनोसिस’ अशी संज्ञा आहे. गेथशेमाने बागेतील प्रार्थना आणि इब्री लोकांस पत्रातील मानवी दुर्बलतेविषयी सहानुभूती बाळगणारा महायाजक हे त्याच विचाराचे दुसरे धागे आहेत. देव बलवान आणि माणूस दुबळा एवढीच मांडणी जगातील पुष्कळ धर्मांत सापडते. ख्रिस्ती चिंतनाचे वेगळेपण हे की त्यात दुर्बलता देवाच्याही वाट्याला येते.

पाचव्या शतकात हा प्रश्न भक्तीच्या क्षेत्रातून तत्त्वचर्चेत आला. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (354–430) याने ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात्मक ग्रंथात, तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळही तूच दे, अशा आशयाची प्रार्थना लिहिली होती. ती रोममध्ये वाचून दाखवली जात असताना पेलागियस नावाच्या ब्रिटनमधून आलेल्या तपस्व्याला सहन झाली नाही, असे स्वतः ऑगस्टीननेच पुढे नोंदवले आहे. पेलागियसला पाखंडी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याचा आक्षेप मुळात एका सुधारकाचा होता. नावापुरत्या ख्रिस्ती झालेल्या रोमन उमरावांना ‘काय करणार, माणूस दुबळाच’ ही सबब आयती मिळेल, अशी त्याला धास्ती होती, आणि देव न्यायी असेल तर तो अशक्य आज्ञा देणार नाही हा त्याचा तर्कही बिनतोड होता. ऑगस्टीनचे उत्तर तर्कापेक्षा अनुभवावर अधिक उभे होते. इच्छाशक्ती ही बाहेरून आज्ञा देणारी वस्तू नसून ती स्वतःच दुभंगलेली असते, माणूस हाताला हुकूम देतो तेव्हा हात हलतो, पण मनाला हुकूम देतो तेव्हा मनच विरोध करते, हे त्याचे निरीक्षण आजही मानसशास्त्राला जुने वाटू नये असे आहे. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते निषिद्ध ठरवली. 529 मध्ये फ्रान्समधील ऑरेंज येथील धर्मसभेने कृपेचे अग्रक्रमत्व मान्य केले, परंतु काही माणसे देवाने मुळातच दुष्कर्मासाठी नेमून ठेवली आहेत ही टोकाची कल्पना तिने स्वीकारली नाही.

ऑगस्टीनच्या या विजयाला एक काळी बाजूही आहे. दोनातिस्त नावाच्या फुटीर गटाविरुद्ध राजसत्तेचा बडगा वापरणे ऑगस्टीनला आधी नापसंत होते, पण 408 च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात त्याने सक्तीचे समर्थन केले, कारण भीतीच्या धक्क्याने का होईना, माणसे सत्याकडे वळतात असे आता त्याला दिसत होते. स्वतःच्या मनाचा दुबळेपणा ज्याने इतक्या सूक्ष्मपणे उकलला, त्यानेच दुसऱ्यांच्या मनाचा दुबळेपणा हे त्यांच्यावरील जबरदस्तीचे कारण ठरवले. ख्रिस्ती इतिहासात हा घसरणीचा जिना पुढेही वारंवार दिसतो.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत हा वाद इतका चिघळला नाही. तेथे मानवी प्रयत्न आणि ईश्वरी कृपा यांच्या सहकार्याला ‘सिनेर्जिया’ म्हणतात आणि ‘मज पाप्यावर दया कर’ अशा अर्थाचे एकच वाक्य श्वासाच्या लयीत जपत राहण्याची साधना हेच तिचे दैनंदिन रूप आहे. नामस्मरणाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला ती लगेच ओळखीची वाटेल. पश्चिमेच्या मठजीवनात संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीने नम्रतेच्या बारा पायऱ्या घालून दिल्या. त्याच नियमावलीच्या अडुसष्टाव्या अध्यायात, न झेपणारे काम सांगितले गेल्यास साधूने आपली असमर्थता शांतपणे वरिष्ठांपुढे मांडावी अशी तरतूद आहे. वरिष्ठांचा आग्रह कायम राहिला तर त्याने देवावर भिस्त ठेवून आज्ञा पाळावी असे पुढे म्हटले असले तरी, ‘हे मला जमत नाही’ असे म्हणण्याचा हक्क नियमातच लिहून ठेवणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने पुन्हा ऑगस्टीनचा धागा उचलला आणि तो ताणता येईल तितका ताणला. 1518 मध्ये हायडेलबर्ग येथील वादसभेत त्याने ‘गौरवाचे धर्मशास्त्र’ आणि ‘क्रुसाचे धर्मशास्त्र’ असा भेद केला. पहिले देवाला वैभवात आणि कर्तृत्वात शोधते, तर दुसरे त्याला जेथे तो असेल असे वाटत नाही तेथे, म्हणजे अपमानात आणि मृत्यूत ओळखते. इरॅस्मस या विद्वानाने 1524 मध्ये माणसाला थोडीतरी इच्छास्वातंत्र्याची जागा ठेवावी म्हणून एक सौम्य ग्रंथ लिहिला, तेव्हा 1525 च्या अखेरीस ल्यूथरने ‘बद्ध इच्छा’ या विषयावरील आपल्या ग्रंथात त्याला जळजळीत उत्तर दिले आणि वादाच्या मर्मावर बोट ठेवल्याबद्दल त्याचे आभारही मानले. तारणाच्या बाबतीत माणूस काहीच करू शकत नाही, हा सिद्धांत ल्यूथरला जाचक नव्हे तर दिलासा देणारा वाटत होता, कारण सर्व काही आपल्या हातात असते तर आपण पुरेसे केले की नाही या शंकेतून मठवासी ल्यूथर कधीच सुटला नसता. परंतु हेच 1525 हे वर्ष जर्मन शेतकऱ्यांच्या बंडाचेही आहे. वेठबिगार आणि जाचक पट्ट्यांविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांना, सोसणे हाच ख्रिस्ती माणसाचा हक्क आहे, असे ल्यूथरने बजावले आणि पुढे त्यांना ठेचून काढण्यासाठी सरदारांना चिथावणी दिली. स्वतःच्या विवेकासाठी सम्राटापुढे न झुकलेल्या माणसाने दुर्बलतेचे धर्मशास्त्र भुकेल्यांच्या गळी उतरवावे, यातला विरोध त्याच्या चाहत्यांनी सहसा घाईघाईने ओलांडला आहे.

कॅथलिक ख्रिस्तसभेने ट्रेंट येथील धर्मसभेत, जानेवारी 1547 मध्ये, कृपेचे प्रथमत्व मान्य करूनही माणसाचे सहकार्य नाकारता येत नाही अशी भूमिका घेतली. देवापुढे माणूस ‘नीतिमान ठरवला जाणे’ या मुद्द्यावर तुटलेला हा संवाद पुन्हा जुळायला साडेचारशे वर्षे लागली. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे लुथेरन जागतिक महासंघ आणि व्हॅटिकन यांनी याविषयीच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या.

आधुनिक काळात प्रश्नाचे रूपच पालटले, कारण आता देवावर अवलंबून कसे राहावे यापेक्षा मुळात अवलंबून का राहावे हा प्रश्न पुढे आला. बर्लिनमधील धर्मशास्त्रज्ञ श्लायरमाखर याने 1821–22 च्या आपल्या ग्रंथात धर्माचे सार ‘निरपवाद अवलंबित्वाची जाणीव’ असे सांगितले. म्हणजे माणूस आपल्या असण्याचा स्वतः उगम नाही, ही कोणत्याही विशिष्ट संकटाशी न बांधलेली जाणीव. त्यावर त्याचा सहकारी, तत्त्वज्ञ हेगेल याने, तसे असेल तर कुत्रा हा सर्वोत्तम ख्रिस्ती म्हणावा लागेल, असा टोमणा मारला. टोमणा अन्यायाचा होता, कारण श्लायरमाखरला लाचारी अभिप्रेत नव्हती, पण अवलंबन आणि लाचारी यांतील अंतर शब्दांत पकडणे किती कठीण आहे हे त्याने नेमके दाखवले. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने पुढे हाच आरोप सर्व बाजूंनी मांडला आणि ख्रिस्ती नीती ही दुबळ्यांनी आपल्या असहायतेला दिलेले सद्गुणाचे नाव आहे असे म्हटले. नीत्शेला दिलेली बहुतेक उत्तरे बचावात्मक आणि म्हणून कमकुवत आहेत. त्याच्याशी बरोबरीने बोलणारे उत्तर नाझींच्या तुरुंगातून आले.

दीट्रिख बॉनहोफर हा लुथेरन धर्मशास्त्रज्ञ हिटलरविरोधी कटाशी संबंधित असल्याने 1943 पासून कैदेत होता आणि 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी देण्यात आले. 1944 मध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत त्याने एक अनपेक्षित भूमिका घेतली. ज्ञान जेथे थांबते किंवा माणूस जेथे हतबल होतो तेथेच देवाला बोलावणे, म्हणजे देवाला फटी बुजवण्याच्या लांबीसारखे वापरणे, त्याला अप्रामाणिक वाटत होते. सुखी आणि कर्तबगार माणसात काहीतरी न्यून हुडकून काढायचे आणि मग त्या न्यूनावर देव हे औषध सांगायचे, या धर्मोपदेशकांच्या सवयीची त्याला शिसारी होती. माणसाने आपल्या बळाच्या जागीही देवाला भेटावे, असा त्याचा आग्रह होता. परंतु त्याच पत्रांत, जगाला मदत करू शकतो तो क्रुसावर दुर्बल झालेला देवच, असेही तो लिहितो. माणसाच्या दुर्बलतेचे भांडवल करू नये आणि देवाच्या दुर्बलतेपासून नजर हटवू नये, हे त्याचे दुहेरी सूत्र या संपूर्ण परंपरेतील सर्वांत प्रगल्भ विधानांपैकी एक म्हणावे लागेल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांना आजवर उपदेश ऐकवला गेला होता त्यांनी बोलायला सुरुवात केली. अमेरिकन अभ्यासिका व्हॅलेरी सेव्हिंग यांनी 1960 मध्ये एका निबंधात असा मुद्दा मांडला की अहंकार हे मूळ पाप आणि आत्मत्याग हा त्यावरील उपाय, ही मांडणी पुरुषांच्या अनुभवातून आलेली आहे. जिचे आयुष्य आधीच इतरांसाठी विरून गेले आहे तिच्यासाठी स्वतःला हरवून बसणे हेच संकट असते आणि नम्रतेचा उपदेश ते वाढवतो. भारतात अरविंद निर्मल यांनी 1981 पासून बंगळूर आणि नंतर मद्रास येथून दलित धर्मशास्त्राची मांडणी करताना ख्रिस्ताच्या दास्यात दलितांची वेदना पाहिली, पण ती वेदना सोसत राहण्याचा निरोप म्हणून नव्हे, तर देव कोणाच्या बाजूला उभा आहे याची खूण म्हणून.

या शंका अनाठायी नव्हत्या, हे एका अलीकडच्या प्रकरणाने दाखवले. झाँ व्हानिए यांनी 1964 मध्ये फ्रान्समधील ट्रॉली-ब्रॉय या गावी बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोन पुरुषांसोबत एकत्र राहायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लार्श’ ही जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. दुबळेच बलवानांना माणूसपण शिकवतात, हा त्यांचा संदेश लाखोंना भावला. त्यांच्या मृत्यूनंतर 2020 मध्ये संस्थेनेच करवून घेतलेल्या चौकशीत, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी काही स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचा निष्कर्ष निघाला. लार्शच्या घरांतील सहजीवनाचे मोल त्यामुळे नाहीसे होत नाही, पण दुर्बलतेचा गौरव करणारा माणूस स्वतः केवढ्या सत्तेच्या आसनावर बसला आहे हे विचारण्याची गरज मात्र त्यातून अधोरेखित होते. याच्या उलट उदाहरण म्हणून 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या व्यसनमुक्तीच्या चळवळीकडे पाहता येते. ती ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून निघाली आणि तिच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली म्हणजे दारूपुढे आपण हतबल झालो याची कबुली. ती ‘आम्ही’ या सर्वनामाने सुरू होते आणि समोरच्या खुर्चीत बसलेलाही तीच कबुली देत असतो.

मराठीत हा विचार आला तो भक्तिपरंपरेच्या आधीच नांगरलेल्या जमिनीत. अहमदनगरच्या मिशनशी संबंधित असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी अभंगाचे रूप स्वीकारले आणि ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली. पतितपावन या कल्पनेने वारकऱ्यांना जे दिले होते त्याच्याशी कृपेचा सिद्धांत त्यांना सहज जोडता आला. भेद उरतो तो असा की विटेवरचा विठ्ठल भक्तासाठी तिष्ठत उभा राहतो, तर क्रुसावरचा ख्रिस्त भक्तासाठी मारला जातो. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. ईश्वरावलंबन आणि परदेशी मंडळाच्या वेतनावरचे अवलंबन या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हे त्यांना उशिरा का होईना, असह्य झाले होते.

पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) बाबतीत हा भेद अधिक टोकदार आहे. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकीच्या शिक्षणाचा त्यांचा बेत वाढत्या बहिरेपणामुळे बारगळला. तेथील भगिनीसंघाने आणि काही इंग्रज धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून विनम्र आज्ञापालनाची अपेक्षा केली, तेव्हा मोठ्या कष्टाने एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मान सोडवलेल्या आपण दुसरे जोखड घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी कळवले. 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रसंग्रहात नम्र भाषेत लिहिलेले असे कितीतरी नकार आहेत. मात्र याच रमाबाई 1907 च्या आपल्या निवेदनात सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांना ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि स्वतःच्या पापाची व असहायतेची पूर्ण ओळख पटल्यावरच तो मिळाला. ब्रिस्टलमध्ये अनाथालये चालवणारे जॉर्ज म्युलर यांच्यासारख्यांची वृत्ते वाचून आपणही केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवावी, असे त्यांच्या मनाने घेतले. 1896–97 च्या दुष्काळात उपाशी मुली आणि स्त्रिया केडगावला आणल्या गेल्या आणि तेथील मुक्ती सदन हा रमाबाईंचा आश्रम वाढत गेला. तेथे प्रार्थनेच्या जोडीला शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, आणि आश्रितांना आयुष्यभर आश्रित ठेवणे हा बेत कधीच नव्हता.

देवापुढे ‘मी काहीच नाही’ आणि बिशपपुढे ‘माझा विवेक माझा आहे’ ही दोन वाक्ये एकाच स्त्रीची आहेत. काही चरित्रकारांनी यात पूर्वायुष्यातील बंडखोर रमाबाई आणि उत्तरायुष्यातील शरण गेलेल्या रमाबाई अशी फाळणी केली, पण ती पुराव्यावर टिकत नाही. शरणागतीच्या या उत्तरकाळातच त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा कमी शिकलेल्या स्त्रियांना कळत नाही म्हणून संपूर्ण ग्रंथाचे सोप्या मराठीत पुन्हा भाषांतर करू लागल्या. बायबलचे भाषांतर हे तोवर परदेशी मिशनरी आणि त्यांचे पंडित यांच्या समित्यांचे काम होते. केडगावात ते बहिरेपणा आलेल्या एका विधवेने हाती घेतले, त्याची छपाई मुक्तीच्या छापखान्यात झाली, आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1924 मध्ये, बाहेर पडला.